तापाशिवाय प्रवेश नाही

चहाचा घोट आधी घशाखाली उतरू द्या, मग सांगतो. मागं मेव्हण्याला हे सांगत होतो तेव्हा त्याला असा ठसका लागला, की सगळा चहा माझ्या शर्टावर! हसायचं तर खुशाल हसा. दुसऱ्यानं खणलेल्या खड्ड्यात माणूस पडला तर लोक निदान हळहळतात तरी. इथं खड्डा मीच खणला, गावाला बोलावून दाखवला, आणि सगळ्यांच्या देखत त्यात मीच पडलो.

कोरोनाचं दुसरं वर्ष आठवतंय ना? तो उन्हाळा आमच्या नांदे गावाला फार वाईट गेला. रोज सकाळी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. त्यातून कसेबसे बाहेर आलो आणि आषाढात आमची वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई कंप्युटरवाले, जवळच्या सूस गावातल्या फ्लॅटमध्ये बसून काम करायचे. मुलगी झाली. माझी पहिली नात! पण वजनाला जरा कमी भरली. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही, पण जपा."

आता "घाबरायचं कारण नाही" असं डॉक्टरनं म्हटलं की माणूस घाबरणारच की नाही? मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? मी रोज दूध घालायला, भाजी घ्यायला, बियाणं बघायला बाहेर फिरणारा. म्हणून ठरवलं, लस घेतल्याशिवाय आपण पोरीला हात लावायचा नाही. बाळंतिणीची खोली अंगणाकडं होती, तिच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि मान लांब करून बघायचं. आतून फक्त दुपटं दिसायचं आणि कधीतरी एवढीशी मूठ.

माझं एक ठीक. पण भावकीचं काय?

आमच्याकडं बाळ बघायला येणं म्हणजे नुसतं बघणं नसतं हो! मांडीवर घ्यायचं, गाल ओढायचे, नाक आजीचं की आत्याचं यावर भांडायचं, आणि निघताना पापा घ्यायचा. "लांबून बघा" म्हणालात तर पुढच्या सात लग्नांत तुमच्या पंगतीला कुणी बसायचं नाही. मला असं कारण हवं होतं, की माणूस दारातून परत जाईल पण रुसणार नाही.

ते कारण दिलं भिवातात्यांनी.

भिवातात्या म्हणजे आमचे चुलत चुलते. वय झालंय, पण गावात कुठलाही विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा. शाळेत लसीचं शिबिर लागणार अशी दवंडी फिरली, त्या दिवशी चहाच्या टपरीवर तात्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंडावरचा जुना वण सगळ्यांना दाखवला.

"ह्यो बघा. देवीची लस. टोचली की फोड उठायचा, अंग तापायचं. उठला की समजायचं लस लागली. न्हाई उठला तर परत टोचायचे!"

"मंग ह्या लसीचं कसं कळायचं, तात्या?" मी विचारलं.

"त्येच की! ताप आला, लस लागली. न्हाई आला, तर पाणी गेलं अंगात."

काय पटलं हो मला! दंडावर शिक्का मारलेला पुरावा समोर होता. मी तसाच उठलो, घरी आलो, आणि आमच्या मंडळींसमोर, म्हणजे बायकोसमोर, जाहीर केलं, "आजपासून कायदा! लस घेऊन ज्याला ताप येऊन गेला, त्यानंच बाळाला घ्यायचं. ज्याला आला नाही, त्यानं उंबऱ्याबाहेरून राम राम करायचा. मग तो कुणी का असंना!"

ते शेवटचं वाक्य बोलायची काही गरज होती का? पण ओघात बोललो.

शिबिर झालं. अख्खा गाव शाळेच्या व्हरांड्यात. टोचून झाल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. "ताप येईल, अंग दुखेल, डोकं जड होईल. एक-दोन दिवसांत उतरेल. पण सर्दी, खोकला, शिंका सुरू झाल्या, तर तो लसीचा त्रास नाही. लगेच येऊन तपासून घ्यायचं." त्या आणखीही बरंच बोलत होत्या, पण मी तोवर तात्यांना कोपरानं ढोसून "बघा, ताप येईल म्हणाल्या!" असं सांगण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्या दिवशी गावात काय दृश्य! घराघरातून "आई गं, आई गं" ऐकू येत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडावर समाधान. एरवी कुणाला ताप आला की लपवायचे दिवस ते. आता जो तो दारात येऊन सांगत होता.

मीही बाळाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो.

पहिली आली गोदाक्का, आमची चुलत वहिनी. अंगावर शाल, डोक्याला घट्ट फडकं.

"भावजी, रातभर आसा ताप व्हता, आसा ताप, पाठीवर भाकर भाजली असती!"

"आता?"

"उतरला पहाटं. इचारा तुमच्या भावाला, लाकडावानी ताठली व्हते."

"जा आत. हात धुवून घे."

मग एकेक येत गेला. कुणी नवऱ्याला साक्षीला आणलं, कुणी सासूला. एकजण म्हणाला, ताप नाही पण पाय लई दुखले. मी म्हटलं, पायाचं चालत नाही. तो बिचारा बाहेरूनच टाटा करून गेला. तात्या आले ते थेट काठी टेकत, "हुडहुडी भरली व्हती!" असं ओरडतच. त्यांना कोण अडवणार? ते आत गेले, नातीला मांडीवर घेतलं आणि खिडकीतून मला दाखवून हसले.

आमच्या मंडळींनाही ताप आला. चांगला आला. वर्षाला आला. गोठ्याच्या कामावरच्या माणसालासुद्धा आला!

आणि मला?

काही नाही. ताप नाही, कणकण नाही. सुई टोचलेला दंड मी स्वतः बुक्क्या मारून बघितला, तोही दुखेना. जेवण रोजच्यापेक्षा जास्तच गेलं. म्हटलं, येईल दुपारपर्यंत. दुपार झाली. म्हटलं, मोठ्या शरीराला वेळ लागतो. पुढचा दिवस उजाडला. गाव सगळं ताप उतरून कामाला लागलं आणि मी आपला मनगट धरून नाडी बघतोय.

शेवटी राहवेना. हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि आत निघालो. दारात आमची मंडळी, कमरेवर हात ठेवून.

"कुटं?"

"नातीला घ्यायला."

"ताप आला?"

"येतोय... वाटंवर हाय."

"मंग पोचल्यावर या."

"अगं, मी आजोबा हाय तिचा!"

"कायदा कुणी केला? 'कुणी का असंना' आसं कोण म्हणलं व्हतं? मी का गोदाक्का?"

आतून वर्षाचं हसू ऐकू आलं. मी परत खुर्चीवर. आणि त्या दारातून गोदाक्का तिसऱ्यांदा आत गेली, जाता जाता माझ्याकडं बघून "च् च्" करत!

हसू नका. मला खरंच काळजी लागली होती. अडवलं म्हणून राग होताच, पण मनात दुसराच किडा शिरला होता. खरंच अंगात पाणी गेलं असेल तर? उद्या बाहेरून मीच काही घेऊन आलो आणि एवढ्याशा जिवाला दिलं तर? मग तापाशिवाय इलाज नाही. आला पाहिजे!

मग मी तापाच्या मागं लागलो.

पहिल्या दिवशी पाणी तापवायच्या चुलीसमोर बसून राहिलो. कपाळ चांगलं लाल झालं तसा धावत मंडळींकडं गेलो. "बघ गं, कढत लागतंय का?" तिनं कपाळाला हात लावला, मग सदरा वर करून पोटाला लावला.

"टाळकं तापलंय, प्वाट गार हाय. चुलीम्होरं बसला व्हता का?"

आता या बाईनं पोलिसात भरती व्हायला हवं होतं की नाही?

मग मिरीचा काढा पिऊन भर दुपारी दोन घोंगड्या पांघरून पडलो. घामानं अंथरूण भिजलं, ताप नाही. उलट अंग असं हलकं झालं, की उठून आंघोळ केली आणि चार भाकरी खाल्ल्या.

शेवटी पुन्हा तात्यांकडं गेलो.

तात्यांनी माझ्याकडं खालून वर बघितलं. "तुजं अंग आळसावलंय, दत्ता. खोल्या भाड्यानं दिल्यापास्नं तू हाडं हालवली न्हाईस. लस दंडातच बसलीय. अंग दमव, घाम गाळ, मंग ती फिरंल सगळीकडं."

"दमवू कसं?"

"लावणी चालूय न्हवं तुज्या खाचरात? उतर की चिखलात!"

तुम्हाला म्हणून सांगतो, कित्येक वर्षांत मी लावणीला वाकलो नव्हतो. छत्री धरून बांधावर उभं राहायचं आणि "जरा दाट लावा गं" एवढं म्हणायचं, ही माझी शेती. पण त्या दिवशी धोतर खोचलं आणि गुडघाभर चिखलात उतरलो. वरून पाऊस धो धो. डोंगरावरच्या वाडीतून लावणीला येणारी कोंडाबाई हातातली रोपांची मूठ तशीच धरून बघत राहिली.

"मालक, आज काय झालं? मालकीणबायनी घराबाहेर काढलं का?"

"लस फिरवायला आलोय!"

ती शेजारणीकडं बघून हसली. मग माझी ओळ बघून आणखी हसली. मी पुढं सरकेन तशी माझी रोपं डाव्या बाजूला कलत निघाली होती. तिनं ती मागून येऊन सगळी उपटून पुन्हा लावली, पण मी हटलो नाही. डोक्यावर घोंगडीची खोळसुद्धा घेतली नाही, म्हटलं अंग दमायचं तर नीट दमू दे. दिवेलागणीला घरी आलो तेव्हा दात वाजत होते.

सकाळी जागा झालो आणि काय सांगू! अंग मोडून आलेलं. डोळे जड. कपाळाला हात लावला तर कढत. पोटाला लावला तर तेही कढत!

"आला!" मी अंथरुणातूनच ओरडलो. "आला गं आला! ताप आला!"

मंडळी पिठाच्या हातांनी धावत आली. कपाळ बघितलं, पोट बघितलं, तळपाय बघितले. आणि तिचा चेहरा असा खुलला, की लग्नातसुद्धा मी तिला तशी बघितली नव्हती.

"वर्षे! तुज्या बापाला ताप आला गं!"

असा आनंद कुठल्या घरात झाला असेल का? माणूस तापानं फणफणलाय आणि बायको देवापुढं साखर ठेवतेय! मला गरम पाण्यानं हात धुवायला लावले, धुतलेला सदरा दिला, आणि मानानं त्या दारातून आत नेलं. वर्षा समोरून नातीला घेऊन आली. पहिल्यांदाच एवढ्या जवळून तोंड दिसलं. केस केवढे! झोपेत ओठ हलवत होती. मी दोन्ही हात पुढं केले. वर्षानं दुपटं सावरलं, ती माझ्या हातांवर ठेवणार...

आणि माझ्या नाकात काहीतरी हुळहुळलं.

शिंक! शिंक येतेय! आणि डोक्यात एकदम शाळेचा व्हरांडा उभा राहिला. शिंका सुरू झाल्या तर तो लसीचा त्रास नाही!

"मागं व्हा!" मी असा ओरडलो, की वर्षा दचकून भिंतीला टेकली. "मागं व्हा! घेऊन जा तिला! लांब न्या!" तोंड फिरवून मी दाराकडं पळालो, उंबऱ्याला अडखळलो, आणि बाहेरच्या खुर्चीसकट अंगणात आडवा झालो. तिथं पडल्या पडल्याच शिंकलो. एक नाही, लागोपाठ. गोदाक्का नेमकी आत यायला निघाली होती, ती पाठमोरी पळाली.

"अहो, काय झालं? ताप तर आलाय!" मंडळी दारातून ओरडत होती.

"ह्यो त्यो ताप न्हाई!" मी अंगणातूनच सांगितलं. मग चूल, घोंगड्या, तात्या, चिखल, पाऊस, सगळं सांगावं लागलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "त्या तात्याला ठिवू कुटं?"

मागच्या अंगणात भाडेकरूंची एक खोली रिकामी होती. पोरं टाळेबंदीत गावाकडं गेलेली. तिथं मला ठेवलं. आरोग्य केंद्रात जाऊन नाकात काडी घालून घेतली, निकाल उद्या म्हणाले.

तो एक दिवस मी विसरणार नाही. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून मंडळी लांब उभी राहायची. ताट रिकामं होईपर्यंत हलायची नाही. वर्षा खिडकीपासून लांब उभी राहून विचारायची, "आप्पा, बरं वाटतंय का?" मी हो म्हणायचो. आत नात रडली की मला खोलीत ऐकू यायचं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. शिंक जरा उशिरा आली असती तर? देवाशपथ सांगतो, त्या खोलीत मी रडलो.

दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायला गेलो. डॉक्टर मॅडमनी कागद बघितला. "निगेटिव्ह आहे, काका. साधी सर्दी आहे. भिजला होतात का?"

मी मटकन बाकावर बसलो. इतकं हायसं वाटलं, की न विचारता सगळी कथा त्यांना सांगून टाकली.

मॅडमनी ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं. "ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला तात्यांनी सांगितलं."

"आणि गावाला?"

"गावाला... मी."

"अहो काका, कुणाला ताप येतो, कुणाला येत नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं. ताप न येताही आतलं काम चालूच असतं. तुमची लस छान लागत असणार." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण ते संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात. दुसरा डोसही व्हायचाय. मी शिबिरात सांगितलं होतं हे! ज्यांना ताप आला, त्यांना तुम्ही लगेच बाळाजवळ सोडलं?"

"लगेच नाही, मॅडम," मी म्हणालो. "ताप उतरल्यावर."

मॅडमनी डोळे मिटले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या भावकीला लांब ठेवायचं म्हणून कायदा केला, ती सगळी भावकी मी हात धुवून, मानानं, एकेक करून आत सोडली होती! दारात खुर्ची टाकून! अख्ख्या नांदे गावात बाळापासून लांब राहिलेला माणूस एकच, तो म्हणजे बाळाचा आजोबा!

घरी येऊन आधी ती खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. मग दार सगळ्यांनाच बंद केलं. रुसायचं त्यांनी रुसावं! पुढचे दिवस मी घरोघरी रस्त्यावरूनच ओरडत फिरलो. "गोदाक्का, खोकला न्हाई न्हवं?" "तात्या, नाक वाहतंय का?" लोकांना वाटलं, दत्ताच्या डोक्यात ताप गेला. पण कुणालाही काही झालं नाही हो. कुणालाच नाही! नात दूध पीत होती, झोपत होती, वजन घेत होती. मॅडमनी तिला तपासून "एकदम छान" म्हटलं तेव्हा मंडळींनी पदरानं डोळे पुसले आणि मी उगाचच गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

सर्दी जाऊनही बरेच दिवस झाले, तेव्हा मॅडमनीच सांगितलं, "घ्या आता नातीला. मास्क लावा, हात धुवा, पापा घेऊ नका."

मी आंघोळ केली, मास्क लावला, भिंतीला टेकून मांडी घालून बसलो. भावकी अंगणात उभी राहून बघतेय. वर्षानं नातीला माझ्या हातांवर ठेवलं. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

आणि तिथंच माझी फजिती झाली. तिची मान एकीकडं, पाय दुसरीकडं. कुठला हात कुठं घालायचा तेच कळेना! खरं कारण सांगू? मी आयुष्यात कधी तान्हं मूल घेतलंच नव्हतं. वर्षा झाली तेव्हा ओसरीवर वडील, थोरले भाऊ बसलेले असायचे. त्यांच्यादेखत स्वतःचं पोर मांडीवर घेणं म्हणजे केवढी लाज! लाज संपेपर्यंत वर्षा शाळेत जायला लागली होती.

"अगं घ्या कुणीतरी!" मी ओरडलो. "पडंल पोर! मला धरता येत न्हाई!"

वर्षानं तिला उचलून घेतलं. ती माझ्याकडं बघत राहिली, हसत होती आणि तिचे डोळेही भरले होते. अंगणात भावकी पोट धरून हसतेय. आणि मंडळी म्हणाली, "ताप यायची वाट बघत चिखलात हुबं ऱ्हायला, त्यापरीस घरात बसून उशी धरायला शिकला असता तर!"

मग काय, तिथल्या तिथं माझ्या मांडीवर उशी दिली. मानेखाली हा हात, पाठीखाली तो हात. वर्षा शिकवतेय, गोदाक्का अंगणातून सूचना देतेय. उशी नीट धरून दाखवल्याशिवाय नात मिळणार नाही, असा मंडळींचा नवा कायदा.

मिळाली, शेवटी मिळाली. पण खोटं कशाला बोलू, पहिल्या खेपेला उशीसुद्धा पडली.